पेटेनासा झालेला कॉम्बी बॉयलर: हॅरो येथील घराच्या नोंदी, डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३

१२ डिसेंबर २०२२, सोमवार

काल रात्री लंडनमध्ये बर्फ पडला. आज सकाळी सात वाजता उठलो तेव्हा घरातले तापमान १३ अंश होते, रेडिएटर गार होते आणि बाहेरचा तापमापक उणे ४ दाखवत होता. सहाची वेळ लावलेली असूनही बॉयलर पेटला नव्हता. पडद्यावर ज्योत न लागल्याचा कोड होता आणि यंत्र लॉकआउटमध्ये गेले होते, म्हणजे ठरावीक वेळा प्रयत्न करून त्याने स्वतःला बंद करून घेतले होते.

हा बॉयलर ३० किलोवॉटचा आहे आणि आधीच्या मालकांनी तो २०१४ मध्ये स्वयंपाकघराच्या उत्तरेकडील भिंतीवर बसवला आहे. कॉम्बी असल्याने रेडिएटर आणि नळाचे गरम पाणी ही दोन्ही कामे तोच करतो व घरात गरम पाण्याची साठवण टाकी नाही, त्यामुळे तो थांबला की दोन्ही सोयी एकदमच जातात. ही वही त्याचसाठी सुरू करत आहे. कार्यालयात यंत्र बिघडले की आम्ही वेळ, लक्षण आणि केलेली कृती लिहितो. घरी तेच का करू नये, याला माझ्याकडे आळसाखेरीज उत्तर नव्हते.

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. पडदा उजळलेला होता, म्हणजे वीज पोचत होती आणि भिंतीवरच्या स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज शाबूत होता. गॅसची शेगडी नेहमीसारखी निळ्या ज्योतीने पेटली, म्हणजे घरात गॅस होता. बॉयलरखालच्या दाबमापकावर १.२ बार होते. थंड असताना १ ते १.५ बार असावेत असा सर्वसाधारण नियम असल्याने पाणी कमी पडून यंत्र थांबले असण्याची शक्यता मागे पडली. रीसेटचे बटण दाबल्यावर पंखा फिरला, ठिणगीचा टिकटिक आवाज आला, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी चुळा भरत असल्यासारखा गुडगुड आवाज आला. तीन प्रयत्नांनंतर पुन्हा लॉकआउट.

या गुडगुडीवरून संशय बाहेरच्या कंडेन्सेट नळीवर गेला. हे कंडेन्सिंग जातीचे यंत्र आहे. २००५ पासून इंग्लंडमध्ये नव्याने बसवायचे घरगुती गॅस बॉयलर बहुतेक याच जातीचे असावे लागतात. ते धुराड्याकडे जाणारा वायू इतका गार करतात की त्यातली वाफ पाणी होऊन खाली येते आणि त्या वाफेची उष्णता वाया न जाता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की जवळजवळ दीड लिटर पाणी तयार होते. त्यातले जितके आत साचते तितके कुठेतरी सोडावेच लागते. ते आम्लयुक्त असल्याने तांब्याची नळी चालत नाही, प्लास्टिकचीच लागते. आमच्याकडे ती २१.५ मिमी व्यासाची पांढरी नळी भिंतीतून बाहेर पडून सुमारे अडीच मीटर भिंतीलगत आडवी जाते आणि मग गटाराच्या जाळीवर उतरते. तिच्यावरचे फोमचे आवरण उन्हापावसाने केव्हाच विरले आहे. उतारही नावापुरताच आहे.

बाहेर जाऊन पाहिले तर खालच्या कोपरापाशी नळीवर बोटांनी टिचकी मारल्यास भरीव आवाज येत होता आणि तोंडाशी बर्फाची बोटभर कांडी लोंबत होती. किटलीतले पाणी कोमट करून (उकळते पाणी घातल्यास गारठलेले प्लास्टिक तडकते आणि खाली सांडलेले पाणी पायवाटेवर गोठते) कोपरावर हळूहळू ओतले, मग गरम पाण्याची रबरी पिशवी वीस मिनिटे बांधून ठेवली. नऊ वाजून दहा मिनिटांनी बर्फाचा खडा सुटला आणि त्यामागून अंदाजे दोन लिटर पाणी एका दमात गटारात गेले. रीसेट केल्यावर बॉयलर पहिल्याच प्रयत्नात पेटला.

कारण: कंडेन्सेट नळी गोठणे. उपाय: वितळवणे. नोंद बंद.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ६ वाजता स्वतःहून पेटला. नळीवर जुना टॉवेल आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवली आहे. दिसायला हे फार वाईट दिसते. रेल्वेचा संप असल्याने आज घरूनच काम आहे आणि त्यामुळे यंत्रावर लक्ष ठेवता येत आहे.

१५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ६.५०, बाहेर उणे ३, घरात १४. पुन्हा तोच कोड, पुन्हा लॉकआउट. गुडगुड आवाज मात्र नव्हता. बाहेर गेलो तेव्हा टॉवेल जागेवर होता आणि नळीच्या तोंडातून थेंब थेंब पाणी गळत होते. तरी दोन किटल्या कोमट पाणी ओतले, पंधरा मिनिटे थांबलो, रीसेट केले. पहिल्या प्रयत्नात पेटला नाही, पुढच्या रीसेटला पेटला.

कारण: नळी पुन्हा अंशतः गोठली असावी.

दरम्यान तेलाचे दोन विजेचे हीटर आणले आहेत. सरकारने सध्या घातलेल्या दरमर्यादेत गॅस सुमारे १०.३ पेन्स प्रतियुनिट आणि वीज ३४ पेन्स प्रतियुनिट पडते, म्हणजे २ किलोवॉटचा एक हीटर सहा तास चालवला तर चार पौंडांहून अधिक खर्च होतो आणि त्यातून एकच खोली तापते.

१६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी रीसेट करावे लागले नाही. रात्री मिरजेला आईशी बोलणे झाले. तिला यंत्राचा प्रकार समजावून सांगितला, ठिणगी, पंखा, ज्योत, सगळे. ती म्हणाली, "अरे, बंब पेटत नसला की आम्ही आधी खालची राख काढायचो, मगच नवी चिपाडं घालायचो." मी तिला सांगितले की यात राख होत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

थंडीची लाट ओसरली. काल दुपारपासून वारा नैर्ऋत्येचा आहे आणि आज सकाळी बाहेर १० अंश होते. बर्फाचा मागमूस नाही. तरीही ६.३० वाजता बॉयलर लॉकआउटमध्ये.

गोठण्याचे निदान इथेच संपते, कारण दहा अंशांत नळी गोठू शकत नाही. आता मागच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि १५ तारखेपाशी थांबलो. तिथे मीच लिहिले होते की पाणी ओतण्याआधी नळीच्या तोंडातून थेंब गळत होते. गळणारी नळी गोठलेली नसते. डोळ्यांनी पाहिले, हाताने लिहिले, आणि गेल्या सोमवारचे उत्तर तयार असल्याने मनाने ते मोजलेच नाही. त्या दिवशी किटल्यांनी काहीही केले नव्हते. बॉयलर पेटला तो मी मधे जो वेळ घालवला आणि जी रीसेट केली त्यामुळे.

संध्याकाळी संपूर्ण क्रम कागदावर मांडला. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की बॉयलर आधी पंप चालवतो, मग पंखा सुरू करून तो ठरलेल्या वेगाला पोचल्याची खात्री करतो, मग इलेक्ट्रोडवर ठिणग्या पाडतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. काही सेकंदांत ज्योत लागल्याचा पुरावा मिळाला नाही तर व्हॉल्व्ह मिटवून पंख्याने आतला गॅस बाहेर हाकलतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ठरलेले प्रयत्न फसले की लॉकआउट. म्हणजे पडद्यावरचा कोड चार वेगवेगळ्या बिघाडांना एकच नाव देतो: ठिणगी नाही, गॅस नाही, गॅस आहे पण पेट घेत नाही, आणि चौथा म्हणजे ज्योत लागली आहे पण यंत्राला ती दिसत नाही. उद्या हे चारही वेगळे करायचे आहेत, आणि तेही आवरण न उघडता.

२० डिसेंबर, मंगळवार

रात्रभर बॉयलर मुद्दाम बंद ठेवला होता, म्हणजे सकाळी तो पूर्ण थंड असेल. पत्नीला बॉयलरसमोर उभे केले आणि मी जिन्याखालच्या कपाटात मीटरपाशी बसलो. मीटर जुन्या धाटणीचा, आकडे फिरणारा असल्याने हे शक्य झाले. शेगडी बंद असल्याची खात्री करून तिने रीसेट दाबले. ठिणगीचा आवाज सुरू झाल्याचे तिने ओरडून सांगितल्यावर लगेच मीटरचे शेवटचे लाल आकडे हलले आणि तीन प्रयत्नांत मिळून सुमारे सात लिटर पुढे सरकले. म्हणजे प्रत्येक प्रयत्नात व्हॉल्व्ह उघडत होता आणि गॅस आत जात होता. दुसरी शक्यता बाद. टिकटिक ऐकू येत असल्याने पहिलीही जवळजवळ बाद.

त्यानंतर आमच्या जागा बदलल्या. या बॉयलरला आवरण न काढता दिसेल अशी काचेची गोल छोटी खिडकी आहे. स्वयंपाकघरातला दिवा घालवून मी तिच्यात पाहत राहिलो. दुसऱ्या रीसेटला ठिणगीबरोबर खिडकीत निळा उजेड पसरला, स्पष्ट आणि स्थिर, आणि मी मनात तीन मोजेपर्यंत विझला. पुन्हा ठिणगी, पुन्हा निळा उजेड, पुन्हा अंधार. मग लॉकआउट.

म्हणजे बॉयलर पेटत नाही हे माझे वाक्यच चुकीचे होते. तो पेटतो आणि मग स्वतःला विझवतो, कारण आपण पेटलो आहोत हे त्याला कळत नाही.

हे कळण्याची पद्धत मला विलक्षण वाटते, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवतो. ज्योतीत विजेचे भारित कण असतात, त्यामुळे ज्योत थोडीफार वीज वाहून नेते. बॉयलर इलेक्ट्रोड आणि बर्नर यांच्यामध्ये उलटसुलट दिशेने बदलणारा विजेचा दाब लावतो. बर्नरचा पृष्ठभाग मोठा आणि इलेक्ट्रोडची काडी लहान असल्यामुळे प्रवाह एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने फारसा जात नाही. त्यातून एकाच दिशेचा, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा अत्यंत बारीक प्रवाह उरतो. तो दिसला की ज्योत आहे असे सर्किट मानते. समजा पाण्यामुळे किंवा कार्बनमुळे दोन्ही टोके नुसतीच जोडली गेली, तर प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच जाईल आणि यंत्र फसणार नाही. ज्योतीच्या उष्णतेवरून तिची खात्री करणाऱ्या थर्मोकपलच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी चतुर आहे, पण काडीवर पांढरा थर साचला किंवा तिच्या चिनी मातीच्या आवरणातून प्रवाह इतरत्र गळू लागला, तर खरी ज्योतही यंत्राच्या लेखी अस्तित्वात राहत नाही.

सकाळच्या थंड सुरुवातीलाच त्रास होतो आणि काही रीसेटनंतर सुटतो, यावरून ओलाव्याचा काहीतरी संबंध असावा असे वाटते. १२ तारखेला नळी तुंबली असताना आतले पाणी कुठवर चढले होते, हा प्रश्न आहे. त्या सकाळी मी गुडगुड ऐकूनही सहा वेळा रीसेट केले होते.

इथून पुढे माझे काम संपते. ज्वलनकक्ष उघडणे हे गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञाचे काम आहे. आवरणाची सील नीट न बसल्यास जळलेला वायू घरात येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासला, वाजला. गॅसचा वास आल्यास फिरवायचा ०८०० १११ ९९९ हा तातडीचा क्रमांक पत्नीने फ्रिजवर चिकटवला आहे. तीन ठिकाणी फोन केले. दोघांकडे नाताळानंतरच्या तारखा होत्या, तिसरे परवा येणार आहेत.

२२ डिसेंबर, गुरुवार

तंत्रज्ञ सकाळी साडेनऊला आले. ओळखपत्र मागण्याआधीच त्यांनी दाखवले. त्याच्या मागच्या बाजूला कोणत्या प्रकारची कामे करण्यास ते पात्र आहेत हे छापलेले असते, ते पाहावे हे मला आजच कळले.

त्यांना ही वही वाचायला दिली. त्यांनी २० तारखेचे पान दोनदा वाचले आणि थेट इलेक्ट्रोडकडे वळले, त्यामुळे माझ्या हिशेबाने अर्धा तास तरी वाचला. आधी गॅसचा चालू असतानाचा दाब मोजला: १९.६ मिलीबार, योग्य. मग यंत्र थंड अवस्थेतून सुरू करून ज्योतीचा प्रवाह मोजला. तो अर्ध्या मायक्रोअँपिअरच्या आसपास डळमळत होता आणि या नमुन्याला लागणाऱ्या किमान प्रवाहाहून कमी होता.

गॅस आणि वीज बंद करून त्यांनी बर्नरचे झाकण काढले. इलेक्ट्रोडच्या टोकांवर पांढरट, खरखरीत थर होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या दांड्यावर झाकणापाशी केसाएवढी चीर होती आणि तिच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. झाकणाच्या आतल्या उष्णतारोधक अस्तराचा खालचा काठ ओला होऊन भुगा झाला होता. त्यांचे मत असे की चीर जुनी असावी. नळी तुंबल्यावर चढलेल्या पाण्याने तिच्यात ओल मुरली, रात्री यंत्र थंड झाले की ती ओल प्रवाह चोरू लागली, आणि सकाळी तीन-चार फसलेल्या प्रयत्नांच्या उष्णतेने वाळली की यंत्र पुन्हा चालू लागले. गोठलेल्या नळीने एक बिघाड केला आणि दुसरा उघडा पाडला, पण पहिल्याच्या नावाखाली मी दुसऱ्यालाही आठवडाभर खपवत राहिलो.

खालचा सायफन (नळीत जाणारे पाणी आधी साठवून एकदम सोडणारे भांडे) काढून सिंकमध्ये उपडा केला तेव्हा त्यातून राखाडी चिखल निघाला. भुगा झालेल्या अस्तराचे तंतू आणि धातूचा गंज यांचा तो गाळ होता, वाटीभर तरी असेल. आई आठवली. यात राख होत नाही असे मी तिला सांगितले होते.

मग त्यांनी बॉयलरसोबतची सर्व्हिसची पुस्तिका मागितली. शेवटची नोंद सप्टेंबर २०१९ ची होती. २०२० मध्ये महामारीमुळे कुणाला घरात घेतले नाही, २०२१ मध्ये विसरलो, आणि यंदा बिल वाढल्याने पुढे ढकलले. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, फक्त पुढच्या रिकाम्या रकान्यात आजची तारीख लिहिली.

इलेक्ट्रोडचा नवा संच, झाकणाचे नवे अस्तर आणि नवी सील बसवली. या सीलचा पुन्हा वापर करायचा नसतो, झाकण उघडले की ती बदलायचीच. नंतरची मोजमापे: ज्योतीचा प्रवाह ४ मायक्रोअँपिअरच्या वर, स्थिर. धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड ९ टक्क्यांच्या जवळ. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर ०.००४ या मर्यादेच्या बरेच खाली. रात्रीचा थंडपणा यायला वेळ नसल्याने त्यांनी दोन तास बॉयलर बंद ठेवायला सांगून दुसऱ्या एका घरी जाऊन येण्याचे ठरवले, आणि खरोखर परत आले. पहिल्या ठिणगीला पेटला.

बाहेरची नळी पाहून त्यांनी नुसती मान हलवली. घराबाहेरचा भाग किमान ३२ मिमीचा, शक्य तितका आखूड, चांगल्या उताराचा आणि हवामान सोसणाऱ्या आवरणाचा हवा. ते काम मी स्वतः केले तरी चालेल असे ते म्हणाले.

२४ डिसेंबर, शनिवार

दोन सकाळी रीसेट नाही. हीटर माळ्यावर ठेवले.

७ जानेवारी २०२३, शनिवार

बाहेरची नळी बदलली. सामान: ३२ मिमीची प्लास्टिकची नळी तीन मीटर, २१.५ वरून ३२ वर नेणारा जोड, ९० अंशांच्या एका कोपराऐवजी ४५ अंशांचे दोन, भिंतीवरच्या चिमट्या, चिकटद्रव आणि १९ मिमी जाडीचे बाहेरच्या वापराचे आवरण. जोड भिंतीच्या आतच येईल असे भोक मोठे करावे लागले, कारण बारीक नळीचा एक इंचही बाहेर राहू नये असे मला वाटत होते. विटा १९३० च्या दशकातल्या आहेत, मऊ निघाल्या, भोक पाहिजे त्याहून मोठे पडले आणि बुजवण्यात दुपार गेली.

उतार मीटरमागे ५० मिमी ठेवला आहे. आधीचा मोजला तर मीटरमागे १५ मिमीसुद्धा नव्हता, आणि मधल्या एका चिमटीपाशी नळी चक्क उलट्या दिशेने झुकलेली होती. तिथे पाणी कायम साचून राहत असणार. बारा तारखेच्या बर्फाचा खडा त्याच जागेपासून एक हातावर होता. काम झाल्यावर आतून एक लिटर पाणी ओतून पाहिले. सायफन भरला की पाणी एकदम सुटते आणि रेंगाळत नाही, हे या वेळी नीट दिसले.

२३ जानेवारी, सोमवार

पुन्हा थंडीची लाट. सकाळी ६ वाजता बाहेर उणे ५, वाहनांच्या काचांवर जाड दहिवर. मी पावणेसहालाच उठून खिडकीपाशी उभा होतो. ६.०० वाजता पंप, मग पंखा, एक ठिणगी, निळा उजेड, आणि तो टिकला. वीस मिनिटांनी बाहेर जाऊन पाहिले तेव्हा नळीतून पाण्याचा एक लोट जाळीवर पडला आणि त्याची वाफ निघाली.

बाकी राहिलेले काम: पुढची सर्व्हिस डिसेंबरऐवजी सप्टेंबरमध्ये, थंडी सुरू होण्याआधी. दिनदर्शिकेवर १५ सप्टेंबर ही तारीख लिहून ठेवली आहे आणि त्यापुढे "सायफन उपडा करून पाहणे" असे लिहिले आहे.